घराचा विमा: पॉलिसी वाचायची कशी, ताडून पाहायची कशी

घराच्या विम्याची चौकशी करणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आमचं होम लोन आहे ना, बँकेने तेव्हाच विमा काढलाय.’ फाइल उघडली की निम्म्या वेळा निघतो तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा. कर्ज फेडणारा माणूस गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरेल, एवढाच त्याचा अर्थ. घराला आग लागली, पुराचं पाणी शिरलं, वादळात छप्पर उडालं, तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. दोन्हींची नावं कानाला सारखी लागतात, बँकेतली सहीही एकाच बैठकीत होते, म्हणून हा घोळ होतो.

तेव्हा पॉलिसी शोधायला निघण्याआधी घरातले कागद काढा.

आधी हातात काय आहे ते पाहा

कर्जाच्या फाइलमध्ये विम्याचा कागद असेल, तर तो कुठल्या कंपनीचा आहे ते बघा. आयुर्विमा कंपनीचा असेल तर तो माणसाचा विमा. जनरल इन्शुरन्स कंपनीचा असेल तर तो वास्तूचा असण्याची शक्यता आहे. मग शेड्यूल म्हणून जोडलेलं पान शोधा. त्यावर विमा रक्कम, मुदत आणि ‘फायनान्सर’ म्हणून बँकेचं नाव असतं. मुदत संपलेली असणं अगदी सामान्य आहे, कारण पहिल्या वर्षानंतर त्याकडे कुणी फिरकलेलंच नसतं. विमा रक्कम कशावरून ठरवली तेही तपासा. पुष्कळदा ती कर्जाच्या रकमेवरून टाकलेली असते, आणि कर्जाचा आकडा व घर पुन्हा बांधायचा खर्च यांचा एकमेकांशी संबंध नसतो. बँकेचं नाव असेल तर मोठ्या नुकसानीत भरपाईवर पहिला हक्क बँकेचा राहतो. घर गहाण असल्यामुळे विमा हवा असं बँक म्हणू शकते, पण तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती तिला करता येत नाही.

दुसरा कागद सोसायटीचा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्ध विमा उतरवण्याची तरतूद आहे, आणि त्याचा खर्च मेन्टेनन्सच्या बिलात सदस्यांकडून घेतला जातो. तरीही कित्येक सोसायट्यांकडे पॉलिसी नसते, किंवा असते ती दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर. सेक्रेटरींकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती इमारतीच्या सांगाड्यापुरती आहे की फ्लॅटच्या आतली फरशी, बसवलेली कपाटं, किचनचा ओटा हेही त्यात धरलंय, एवढं कळलं तरी पुढचं काम सोपं होतं. तुमचा फ्रिज, पलंग, कपडे, दागिने मात्र सोसायटीच्या विम्यात कधीच नसतात.

मूळ मजकूर सगळीकडे एकच

१ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आली. इर्डाई, म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हिने तिचा मजकूर ठरवून दिला आणि आगीचा विमा करणाऱ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ती विकणं बंधनकारक केलं. त्याआधी घरांनाही कारखान्या-गोदामांसारखी आग व विशेष आपत्तींची पॉलिसी लावली जायची, आणि तिची भाषा वकिलालाच कळावी अशी होती.

याचा परिणाम असा, की सरकारी कंपनी घ्या किंवा खासगी, भारत गृह रक्षाचा गाभा सारखाच असतो. कुठल्या आपत्ती धरल्या, कुठल्या वगळल्या, सामानाला किती रक्कम आपोआप मिळते, हे सगळं तेच. मग तुलनेच्या वेबसाइटवर ‘आग: होय, भूकंप: होय, पूर: होय’ अशा हिरव्या खुणांच्या रांगा दिसतात, त्यांना काय अर्थ? माझ्या मते काही नाही. फरक असतो तो तीन जागी: तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेला विमा रकमेचा आकडा, मूळ पॉलिसीला जोडलेली ॲड-ऑन, म्हणजे जास्तीची ऐच्छिक कलमं, आणि दाव्याच्या वेळी कंपनी कशी वागते. बाजारात याशिवाय कंपन्यांच्या स्वतःच्या पॅकेज पॉलिस्याही असतात. त्यांचा मजकूर वेगळा असतो आणि तो खरोखर ओळ न् ओळ वाचावा लागतो. त्यामुळे कुठलंही कोटेशन आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही भारत गृह रक्षा आहे की तुमची स्वतःची पॉलिसी?

नुकसान कशामुळे झालं, यावर सगळं ठरतं

ही पॉलिसी आपत्तींची यादी देते. नुकसान त्या यादीतल्या एखाद्या कारणाने झालं, तरच दावा उभा राहतो. यादी तशी मोठी आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर आणि पाणी तुंबणं, जमीन खचणं, दरड कोसळणं, वणवा, झाड, वाहन, विमान असं काही आदळणं, दंगल, संप, मुद्दाम केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं किंवा वाहणं, स्वयंचलित स्प्रिंकलरमधून गळती. यांपैकी कुठलीही घटना घडल्यावर तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीही धरली जाते.

आपल्याकडच्या आठवणी या यादीवर ठेवून पाहिल्या की तिचा आवाका कळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यांवरची घरं पाण्यात गेली; ते ‘पूर आणि पाणी तुंबणं’ यात बसतं. ऑगस्ट २०१९ चं सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ चं चिपळूण हेही त्यातच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीकडे कौलं आणि पत्रे उडाले, ते ‘वादळ’. महाड तालुक्यातल्या तळियेसारखी दरड, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, हे सगळं आज मूळ पॉलिसीतच आहे, वेगळा हप्ता भरावा लागत नाही.

इथे परदेशी असलेल्या मुलांसाठी एक वाक्य. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरमालक पॉलिसीत चोरी आणि दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी धरलेली असते, पण पूर आणि भूकंप वगळलेले असतात. पुरासाठी तिथे वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. भारतात बरोबर उलटं आहे. त्यामुळे तिथल्या अनुभवावरून आई-बाबांना फोनवर सल्ला देऊ नका.

आता यादीत काय नाही ते. खरे भांडणतंटे इथेच होतात.

*नुसती घरफोडी.* गावाला गेलात, कुलूप तोडून चोरी झाली, आग नाही, पूर नाही. मूळ भारत गृह रक्षामध्ये याची भरपाई नाही. हे न कळल्यामुळे लोक सर्वांत जास्त चिडतात. घरफोडीसाठी ॲड-ऑन किंवा पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते.

*ओल आणि झिरप.* पाइप फुटून पाणी वाहिलं तर धरलं जातं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेल्याने चार पावसाळे भिंतीत मुरलेली ओल, उचकटलेला रंग, कुजलेला दरवाजा हे धरलं जात नाही; ती देखभालीची बाब समजली जाते. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून होणारी संथ गळतीही तशीच. वादळाने पत्रा उचलला आणि त्या वाटेने पाऊस आत आला, तर मात्र ते वादळाचं नुकसान. पाणी तेच, कारण वेगळं. म्हणून नुकसानीनंतर कारणाचा पुरावा जपायचा; त्याबद्दल पुढे.

*जीर्ण इमारत आपोआप कोसळणं.* मुंबई, ठाणे, भिवंडीकडच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ‘कोसळणं’ ही आपत्ती यादीत नाही. भूकंप, पूर, आदळणं अशा यादीतल्या कारणाने इमारत पडली तर दावा होतो. गंजलेल्या सळयांनी आणि वर्षानुवर्षं न केलेल्या दुरुस्तीने ती खाली आली तर कंपनी हात वर करणार. निकृष्ट बांधकाम, सदोष डिझाइन, नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याने पडलेल्या भेगा, भरावाची जमीन सरकणं, समुद्राने किंवा नदीने किनारा खाणं, हेही वगळलेलं आहे. समुद्राला लागून घर असलेल्या कोकण-गोव्यातल्या मंडळींनी हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा.

*शॉर्ट सर्किट.* विजेचा दाब वाढून टीव्ही जळला, तर त्या टीव्हीची भरपाई नाही. त्या टीव्हीतून आग पसरून पडदे, सोफा, छत गेलं, तर त्या सगळ्याची आहे, टीव्हीची नाही. विद्युत उपकरणांच्या बिघाडासाठी वेगळं ॲड-ऑन असतं. ते जुन्या उपकरणांना घसारा लावून, म्हणजे वापराने घटलेली किंमत वजा करून, पैसे देतं, म्हणून घ्यावं की नाही याचा हिशेब करून बघा.

याखेरीज युद्ध, अणुकिरणोत्सर्ग, मालकाने जाणूनबुजून केलेलं नुकसान, रोख रक्कम, शेअर-रोख्यांचे कागद, हस्तलिखितं, वाहनं ही नेहमीची वगळणूक आहेच.

विमा रक्कम: बाजारभाव विसरा

ठाण्यातला फ्लॅट सव्वा कोटीचा आहे म्हणून विमा सव्वा कोटीचा करायचा नसतो. सव्वा कोटीत जमिनीचा वाटा आहे, स्टेशनपासूनच्या अंतराची किंमत आहे, बिल्डरचा नफा आहे. आगीत यातलं काही जळत नाही. विमा असतो तो पुन्हा बांधायच्या खर्चाचा.

भारत गृह रक्षाची रीत अशी: कार्पेट क्षेत्रफळ गुणिले सध्याचा बांधकामाचा दर. क्षेत्रफळ करारनाम्यात मिळतं. बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप घेऊ नका. चौरस फूट असेल तर १०.७६४ ने भागून चौरस मीटर काढा. दर मात्र तुम्हाला सांगायचा असतो आणि कंपनीने मान्य करायचा असतो. सोसायटीचे आर्किटेक्ट, ओळखीतले बांधकाम ठेकेदार, नुकतंच घर बांधलेले शेजारी यांना विचारून आकडा काढा. एजंट बहुतेक वेळा कंपनीच्या संगणकातला ठरीव दर टाकतो. तो कमी वाटला तर वाढवायला सांगा, हप्त्यात फारसा फरक पडत नाही.

उदाहरण घेऊ. ६०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट म्हणजे सुमारे ५५.७४ चौरस मीटर. दर ३०,००० रुपये प्रति चौरस मीटर धरला, तर विमा रक्कम साधारण १६ लाख ७२ हजार. हा दर फक्त हिशेबासाठी घेतलाय. तुमच्या गावात, तुमच्या इमारतीच्या उंचीला तो बराच निराळा असू शकतो.

स्वतंत्र बंगला किंवा गावचं घर असेल तर एवढ्यावर थांबू नका. कंपाउंडची भिंत, गेट, गॅरेज, आउटहाउस, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, संरक्षक भिंत, छतावरचे सौर पॅनेल हेही ‘घर’ या व्याख्येत येतात, पण त्यांचा खर्च रकमेत मिळवला असेल तरच त्याचा फायदा. कोकणात उताराला बांधलेली दगडी गडग्याची किंवा संरक्षक भिंत पुन्हा घालायला किती लागतात हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

फ्लॅटवाल्यांसाठी एक अडचण उरतेच. पूर्ण इमारत जमीनदोस्त झाली, तर चौथ्या मजल्यावरचा तुमचा एकटा फ्लॅट तुम्ही बांधणार कसा? सगळ्या सभासदांनी मिळून बांधायला हवं, आणि बाकीच्यांचा विमाच नसेल तर गाडं तिथेच अडतं. म्हणून सोसायटीची पॉलिसी पुरेशा रकमेची करून घेणं हा तुमच्या स्वतःच्या विम्याचाच भाग समजा. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडा. काही कंपन्या फ्लॅटसाठी ‘ठरलेल्या मूल्यावर’ म्हणजे अग्रीड व्हॅल्यूवर आधारलेली पॉलिसी देतात. घर पूर्ण नष्ट झालं तर पुन्हा बांधण्याची वाट न पाहता ठरलेली रक्कम मिळते. हप्ता साहजिकच जास्त पडतो. जुन्या इमारतीत राहत असाल तर तिचं कोटेशन जरूर मागवा.

मूळ पॉलिसीत दोन सोयी फुकट मिळतात आणि त्या मोलाच्या आहेत. पहिली, रक्कम कमी पडली म्हणून दाव्याला कात्री लागत नाही. दुसरी, वाढत्या महागाईसाठी रक्कम आपोआप वर्षाला १० टक्क्यांनी वाढते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत ही वाढ मूळ रकमेच्या जास्तीत जास्त १०० टक्क्यांपर्यंत होते. शिवाय आर्किटेक्ट-सर्व्हेअरची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. घर राहण्याजोगं नसेल तेवढे दिवस पर्यायी जागेचं भाडं, किंवा तुम्ही घर भाड्याने दिलं असेल तर बुडालेलं भाडं, हेही पॉलिसीत आहे. कोटेशनमध्ये भाड्यासाठी किती रक्कम धरली ते बघा. हा रकाना अनेकदा कोराच सोडलेला असतो.

आतलं सामान आणि दागिने

वास्तूचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला वास्तूच्या रकमेच्या २० टक्के इतका विमा आपोआप मिळतो, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. वरच्या उदाहरणात हे सुमारे ३ लाख ३४ हजार होतात. खोल्यांतून एक फेरी मारा आणि सगळं आज नव्याने घ्यायचं तर किती लागतील ते कागदावर मांडा. पलंग, कपाटं, गाद्या, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, लॅपटॉप, भांडी, कपडे. मुंबई-पुण्यातल्या साध्या दोन खोल्यांच्या घरातही हा आकडा सहज पुढे जातो. मग जास्तीची रक्कम यादी देऊन घ्यावी लागते.

भाडेकरूंनी फक्त सामानाचा विमा घ्यावा. तो स्वतंत्रपणे मिळतो.

दागिने, चांदीची भांडी, चित्रं या मौल्यवान वस्तू सामानात मोडत नाहीत. त्यांचं वेगळं कलम मागून घ्यावं लागतं. एकूण ५ लाखांपर्यंत आणि कुठलीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. ही मर्यादा २०२१ मध्ये ठरली. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे साधं दोन तोळ्यांचं मंगळसूत्रही आता या सवलतीत बसत नाही, आणि पाटल्या-तोडे तर दूरच. सराफाकडून मान्यताप्राप्त मूल्यांकन करून घ्या, त्यात वजन, शुद्धता आणि फोटो असू द्या.

दागिन्यांचं कलम घेतलं म्हणजे घरफोडी आली असं नाही, हे परत सांगतो. मूळ पॉलिसीत ते आग-पूर वगैरेंसाठीच आहे. दागिने लॉकरमध्ये असतील तर तिथली परिस्थिती निराळी: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. लॉकरमधल्या ऐवजाचा विमा वेगळा मिळतो.

आता तुलना

दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं मागवताना क्षेत्रफळ, दर, मुदत, सामानाची रक्कम सगळीकडे सारखी द्या. नाहीतर एकाचा हप्ता कमी दिसतो, कारण त्याने रक्कमच कमी धरलेली असते. एजंट मंडळी मुद्दाम करतात असं नाही, पण स्वस्त कोटेशन विकायला सोपं जातं हेही खरं.

मूळ पॉलिसी सारखी असल्यामुळे ॲड-ऑनचा मजकूर मागा. माहितीपत्रक नको, पॉलिसी वर्डिंग हवं. पॉलिसीचं थोडक्यात सार देणारं ग्राहक माहिती पत्रकही कंपनीने द्यायचं असतं. ते आधी वाचा आणि मग वर्डिंगमध्ये तपासा. पुढचे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

– घरफोडीच्या कलमात कुलूप-दार तोडल्याची खूण सक्तीची आहे का? नोकरमाणसाने किंवा पाहुण्याने केलेली चोरी धरता का?
– घर सलग किती दिवस बंद राहिलं तर हे कलम थांबतं?
– एका वस्तूला कमाल मर्यादा किती?
– घसारा कशावर, किती टक्के?
– प्रत्येक दाव्यात माझ्या खिशातून जाणारी रक्कम किती?
– कमी विमा असल्यास प्रमाणात कपात होते का?

दुसरा प्रश्न मुंबईत राहून गावी घर असलेल्यांसाठी निर्णायक आहे. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारं घर वर्षाचे दहा महिने बंद असतं; घरफोडीच्या कलमात बंद घराची अट असेल तर त्या कलमाचा हप्ता फुकट जातो. अशा घराला मूळ पॉलिसी घ्या, आणि घर बंद असतं हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा.

शेवटचा प्रश्न पॅकेज पॉलिसीसाठी. भारत गृह रक्षामध्ये कपातीची भानगड नाही, पण इतरत्र ‘सरासरीचं कलम’ असू शकतं. सामान १० लाखांचं, विमा ५ लाखांचा, नुकसान २ लाखांचं. विमा रकमेच्या आत असल्यामुळे तुम्हाला वाटतं पूर्ण २ लाख मिळतील. या कलमाने मिळतात १ लाख, कारण तुम्ही निम्माच विमा केला होता. पॅकेज पॉलिसी स्वस्त आणि भरगच्च दिसली की आधी हे कलम शोधा.

तिसऱ्याला झालेल्या नुकसानीची जबाबदारी, म्हणजे तुमच्या घरातली कुंडी पडून खालच्याला लागलं किंवा तुमच्या पाइपमुळे शेजाऱ्याचं छत गेलं, ही मूळ पॉलिसीत नाही. इमारतीत राहणाऱ्यांना हे ॲड-ऑन मला उपयोगी वाटतं. पाळीव प्राणी, किल्ल्या हरवणं, असली सटरफटर ॲड-ऑन सोडून दिली तरी चालेल. विमाधारक आणि जोडीदार यांना यादीतल्या आपत्तीत मृत्यू आल्यास प्रत्येकी ५ लाख देणारं ऐच्छिक कलम आहे. वेगळा अपघात विमा असेल तर त्याची फार गरज नाही.

हप्त्याचं म्हणाल तर मध्यमवर्गीय फ्लॅटच्या साध्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता पुष्कळदा सोसायटीच्या महिन्याच्या मेन्टेनन्सहून कमी असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो; २२ सप्टेंबर २०२५ पासून मिळालेली सूट वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यापुरती आहे, घराच्या विम्याला नाही. दोन कंपन्यांत शे-दोनशेचा फरक असेल तर त्यावर डोकं खपवू नका.

मुदत एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. दीर्घ मुदतीला सवलत मिळते आणि नूतनीकरण विसरण्याचा धोका जातो. पण पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या इमारतीत दहा वर्षांची पॉलिसी घेऊ नका, इमारत पाडल्यावर विमा कशाचा करणार? घर विकलं तर पॉलिसी आपोआप नव्या मालकाच्या नावावर जात नाही, हेही धरून चाला.

फॉर्म स्वतः भरा

एजंटच्या फोनवर ओटीपी सांगून मोकळं होण्याची पद्धत पडलीय. ती टाळा. भिंती आणि छप्पर कशाचं, इमारतीचं वय, मजले, तळघर, आधीचे दावे, घराचा वापर हे रकाने तुमच्या डोळ्यांसमोर भरले गेले पाहिजेत. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं असतील तर तसं लिहा. कुडाच्या भिंती किंवा झावळ्यांचं छप्पर असेल तर तेही लपवू नका, कारण कच्च्या बांधकामाला नियम वेगळे लागतात. घरात क्लास, पार्लर, डबे करण्याचा व्यवसाय, होमस्टे असं काही चालत असेल तर आवर्जून कळवा. ही घराची पॉलिसी आहे, आणि वापर लपवला हे दावा फेटाळायला आयतं कारण होतं. पुढे खोली वाढवलीत तर कळवा. मूळ क्षेत्रफळाच्या १० टक्क्यांहून जास्त वाढीव बांधकाम कंपनीला न सांगता केलं तर त्याला विम्याचं संरक्षण मिळत नाही. पॉलिसी हातात आली की नाव, पत्ता, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ तपासा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

नुकसान झालं तर

माणसं सुरक्षित झाली की कंपनीला कळवा. टोल-फ्री नंबरवर फोन करा आणि लगेच ईमेलही टाका, म्हणजे तारीख-वेळेची नोंद राहते. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

पुरानंतर पहिली हौस असते ती चिखल धुऊन घर साफ करण्याची, आणि ती स्वाभाविकही आहे. त्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी धरून टिपा, भिजलेल्या उपकरणांवरचे मॉडेल आणि सीरिअल नंबर फोटोत येऊ द्या. सडणाऱ्या गोष्टी फेकाव्याच लागतात, पण फ्रिज, मशीन, फर्निचर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, पाहून जाईपर्यंत ठेवा. पुढचं नुकसान थांबवणं, ताडपत्री घालणं, वीज तोडणं ही तुमची जबाबदारी समजली जाते. त्याच्या पावत्या जपा. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी किंवा दंगल असेल तर एफआयआर, पूर-वादळ असेल तर तलाठ्याचा पंचनामा. सरकारी मदतीसाठी होणारा तोच पंचनामा विम्यालाही कामी येतो, त्याची प्रत मागून घ्या. पंचनाम्यात ‘अतिवृष्टीमुळे’ की ‘वादळामुळे पत्रे उडून’ असं काय कारण लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.

इर्डाईच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मोठ्या पुरात हजारो दावे एकदम येतात तेव्हा हे वेळापत्रक ताणलं जातं. तरीही पाठपुराव्याच्या ईमेलमध्ये या मुदती लिहा. सर्व्हेअरशी बोलताना अंदाजे आकडे सांगू नका. ठेकेदाराचं मोजमापांसह लेखी अंदाजपत्रक द्या. त्याच्या अहवालाची प्रत मागा.

दावा फेटाळला किंवा रक्कम कापली तर कुठल्या कलमाखाली ते लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत इर्डाईच्या बीमा भरोसा पोर्टलवर. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, गोव्यातल्या तक्रारी मुंबईकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा होतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आयोगात प्रकरण दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून लोकपालाकडे आधी जा.